मुकादम आता दिसत नाही

हा अंक दोन महिने उशिरा निघतोय. कारण नेहमीचंच. संपादक मंडळात आम्ही चारजण. त्यातले दोघं बेकार, तिसरा बदलीवर, चौथा म्हणजे मी गोदीत कंत्राटदाराच्या टोळीत. जहाज लागलं तर मजुरी, नाही लागलं तर धक्क्यावर बसून बिड्या. छपाईचे पैसे ह्याच खिशांतून काढायचे. वर्गणीदारांनी फोन करून शिव्या घातल्या, त्या पोचल्या. ह्या दोन महिन्यांत आमचे दोघं बेकार काय करत होते ते आज सांगायचंय, कारण वस्तीवस्तीतून आपली पोरं रात्री तेच करतायत. खोलीत माणसं झोपलेली असतात, दिवा बंद असतो, आणि पोरगं गोधडीत तोंड घालून मोबाईलवर नोकरी शोधत असतं.

आमच्यातला एक बी.कॉम. दुसरा बारावी, वर एमएससीआयटी आणि टायपिंग. पाच-सहा साइटींवर आणि ॲपांवर दोघांची नावं आहेत. फोटो आहे, शिक्षण आहे, पत्ता आहे, 'मला सगळ्यांबरोबर मिळून काम करायला आवडतं' असलं खोटंनाटं इंग्रजीत लिहिलेलं आहे. बोट लावलं की अर्ज जातो. अर्ज गेल्याचं लगेच कळतं. त्यापुढं काही कळत नाही. होकार नाही, नकारसुद्धा नाही. पूर्वी साहेब दारातून हाकलायचा तेव्हा निदान त्याचं थोबाड तरी बघायला मिळायचं.

बी.कॉम.वाल्याला एक फोन मात्र तातडीनं आला. अर्ज केला होता हिशेबनिसाच्या हाताखालच्या जागेचा. फोनवरची बाई फार गोड बोलली. म्हणाली, "सर, ती जागा भरली. पण आपल्याकडं हाऊसकीपिंगला अर्जंट माणूस पाहिजे, उद्या याल का?" हाऊसकीपिंग म्हणजे काय ते आपल्या आज्यांना विचारा. झाडू तोच, फडकं तेच, संडासही तोच. अंगात कंपनीचा टी-शर्ट, एवढीच प्रगती.

कुणी म्हणेल, योगायोग. असेल. एका फोनवरून जात सिद्ध होत नाही आणि आम्हाला रडगाणी छापायची हौस नाही. म्हणून जे मोजून सिद्ध झालंय ते आधी घेऊ.

आपले सुखदेव थोरात, औरंगाबादच्या मिलिंदमध्ये शिकलेले, आणि पॉल ॲटवेल नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ, ह्या दोघांनी एक साधी गोष्ट केली. पेपरात येणाऱ्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिराती घेतल्या. प्रत्येक जागेला सारख्या शिक्षणाचे, सारख्या अनुभवाचे अर्ज टाकले. फरक फक्त नावात. एक नाव उच्चवर्णीय हिंदूचं, एक दलिताचं, एक मुसलमानाचं. ६६ आठवडे हे चाललं. ५४८ जाहिराती, ४८०८ अर्ज. उच्चवर्णीय नावाला बोलावणं येण्याची शक्यता एक धरली तर दलित नावाची निघाली ०.६७ आणि मुसलमान नावाची ०.३३. हे २००७ साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत छापून आलं. लक्षात घ्या, ह्यात मुलाखत नाही, तोंड बघणं नाही, बोलण्यातला 'न' की 'ण' नाही. फक्त कागद. कागदावरचं आडनाव.

त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन ह्यांनी माणसं घेणाऱ्या पंचवीस साहेबांच्या मुलाखती घेतल्या. सगळ्यांचं एकच पालुपद: आम्ही जात बघत नाही, गुणवत्ता बघतो. आणि मग बहुतेक सगळे सांगायचे की आम्ही उमेदवाराला घरची पार्श्वभूमी मात्र विचारतो. बाप काय करतो, भावंडं किती शिकली. ह्यांची गुणवत्ता पोराच्या डोक्यात नसते, बापाच्या धंद्यात असते.

खरं ते सगळंच सांगितलं पाहिजे. २००९ साली दिल्लीतल्या जागांबद्दल अशाच पद्धतीचा दुसरा अभ्यास छापून आला. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीवरून फरक सापडला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत सापडला, ओबीसींच्या बाबतीत जास्त, आपल्या बाबतीत त्याहून कमी. म्हणजे जिथं हातातलं कसब मोजता येतं तिथं आडनाव जरा मागं सरतं, आणि जिथं 'बोलणं चालणं कसं आहे' असलं धूसर माप असतं तिथं ते पुढं घुसतं, असा मी त्याचा अर्थ लावतो. पोरांनो, हातात मोजता येईल असं कसब ठेवा, हे ह्यातून निघतं. पण सगळ्यांनी सॉफ्टवेअरवाले व्हायचं का? आणि ज्याच्या खोलीत टेबल मांडायला जागा नाही त्यानं?

ज्यांच्या नावावरून आपल्या चळवळीनं १९७२ साली नाव घेतलं त्या काळ्यांच्या देशात तरी वेगळं काय! बोस्टन आणि शिकागो शहरांत सारखेच अर्ज गोऱ्या वळणाच्या आणि काळ्या वळणाच्या नावांनी पाठवले गेले. २००४ साली निकाल छापून आला. गोऱ्या नावाला दहा अर्जांमागं एक फोन, काळ्या नावाला पंधरांमागं एक. म्हणजे पाच अर्ज फुकट लिहायचे, कशासाठी, तर आईबापांनी ठेवलेल्या नावासाठी.

ती हरी साडूची जाहिरात आठवते का? नोकरीच्या साइटीचीच होती. हाताखालचा माणूस फोनवर साहेबाच्या नावाची स्पेलिंग सांगतो, एच फॉर हिटलर असं एकेक अक्षर फोडून. लोक फार हसले. आपल्या नावाची स्पेलिंग ह्या देशात कुणाला सांगावी लागत नाही. आपण तोंड उघडायच्या आधीच ती फोडलेली असते. कांबळे, सोनकांबळे, वाघमारे म्हटलं की पुढचं विचारायची गरजच नाही. जाधव, मोरे, गायकवाड म्हटलं की फोनवर दोन क्षण शांतता, मग: "जाधव म्हणजे कुठले? मूळ गाव कोणतं तुमचं?" गावावरूनही कळलं नाही तर, "गावात कुठं राहता?" मुंबईत गोदामातली पेटी उचलायला माणूस पाहिजे आणि ह्यांना गावातला वाडा कुठल्या दिशेला ते हवं! आडनावातून निसटला तो पत्त्यात सापडतो. भीमनगर, सिद्धार्थनगर, रमाबाई कॉलनी, पंचशील चाळ. ही नावं आपण अभिमानानं दिली, भांडून पाट्या लावल्या. तीच आता ॲपातल्या पत्त्याच्या रकान्यात उभी राहून मालकाला सांगतात, हा कोण. काही साइटींवर तर प्रवर्गाचा सरळ रकानाच असतो. खाजगीत आरक्षण नाही, मग हा रकाना कुणाच्या कल्याणासाठी?

आता ह्या साइटी चालतात कशा ते समजून घ्या. आपल्याला बहुधा फुकट असतात. पैसे भरतो मालक. बाजारात पैसे मोजतो तो गिऱ्हाईक, आणि फळीवर मांडलेला असतो तो माल. मालकाच्या माणसापुढं आपली यादी येते. तो तिला चाळण्या लावतो. वय, शिक्षण, अनुभव, घर किती लांब, पुरुष की बाई, इंग्रजी किती, गाडी आहे का. एकेका चाळणीत शेकडो माणसं खाली पडतात आणि पडल्याचा आवाजही होत नाही. जो उरतो त्याच्या नावावर बोट जातं. काही साइटींवर नुकतीच माहिती बदललेला माणूस यादीत वर सरकतो, म्हणून पोरं रोज सकाळी एखादं अक्षर खोडून परत लिहितात. पूर्वी मुकादमाच्या डोळ्यासमोर राहावं म्हणून पहाटे फाटकाशी उभं राहायचे, तसलंच हे.

बायांचं तर विचारूच नका. एका साइटीवरच्या आठ लाखांहून जास्त जाहिराती तपासून जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१८ साली सांगितलं की मालक पुरुष पाहिजे की बाई पाहिजे हे उघड लिहितात, आणि बाईसाठी म्हणून राखलेली कामं हलकी नि कमी पगाराची असतात. आपल्या वस्तीतली पोरगी ह्या चाळणीत एकदा बाई म्हणून पडते, एकदा आडनाव म्हणून पडते, आणि वर 'फुल साइज फोटो पाठवा' म्हणून रात्री अकराला मेसेज येतो तो वेगळाच.

आणखी एक गंमत बघा. नोकरी डॉट कॉम १९९७ साली सुरू झाली. चालवणारी कंपनी इन्फो एज. तीच कंपनी जीवनसाथी नावाची लग्नाची साइट चालवते, आणि नाइंटीनाइन एकर्स नावाची घरांची. नोकरी, लग्न, खोली. मुंबईत माणसाला आडनाव विचारतात ती हीच तीन ठिकाणं. लग्नाच्या साइटीवर जातीचा रकाना राजरोस असतो आणि कुणाला त्याची लाज वाटत नाही. एकाची माहिती दुसरीकडं जाते असला आरोप मी करत नाही. माझं म्हणणं एवढंच की जो माणूस रविवारी मुलीसाठी जात बघून स्थळ निवडतो तोच सोमवारी ऑफिसात बसून अर्ज निवडतो. बोट तेच आहे त्याचं.

आता गोदीचं सांगतो. हे मला इतरांपेक्षा बरं माहीत आहे.

एके काळी मुंबईच्या गोदीत काम मिळायचं ते टोळीवाल्याकडून. जहाज लागलं की तो फाटकावर यायचा, गर्दीतनं बोट दाखवायचा, तू, तू आणि तू. त्याच्या गावचा, त्याच्या जातीचा, त्याला दस्तुरी देणारा तो आत. बाकीचे उन्हात. आमच्या आज्याचं निम्मं आयुष्य ह्या बोटाकडं बघण्यात गेलं. हे बोट तोडायला कामगारांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा झाला, १९५१ साली मुंबईसाठी योजना आली आणि डॉक लेबर बोर्ड उभं राहिलं. बोर्डानं काय केलं? कामगारांची नोंदणी केली, प्रत्येकाला नंबर दिला, आणि काम पाळीनं वाटायला सुरुवात केली. आज माझा नंबर, उद्या तुझा. हजेरीला येऊनही काम नसलं तर हजेरीचे पैसे. महिन्याला ठरलेल्या किमान दिवसांची हमी. नीट बघितलं तर हीसुद्धा नोकरी जुळवणारी साइटच की! एका बाजूला कामगारांची यादी, दुसऱ्या बाजूला मालकांची मागणी, मध्ये खिडकी. फरक एवढाच की तिथं यादीत वर कोण हे मालकाचं बोट ठरवत नव्हतं, पाळी ठरवत होती. आणि थांबून राहणाऱ्याच्या वेळेला किंमत होती. आज ॲपवर दिवसरात्र 'उपलब्ध' असलेल्या पोराला त्या उपलब्ध असण्याचा कोण एक पैसा देतो?

बोर्ड म्हणजे स्वर्ग नव्हता. तिथंही वशिले होते, तिथंही ओळखीपाळखीचं चालायचं. पण भांडायला एक खिडकी होती आणि खिडकीपलीकडं माणूस होता. १९८९ साली पलीकडं न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं, माल डब्यांतून जायला लागला, १९९४ साली बोर्ड पोर्ट ट्रस्टात विलीन झालं. आज्याला नंबर होता. मला नंबर नाही. मला कंत्राटदाराचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. संध्याकाळी त्यावर येतं, 'कॉइलचं जहाज, बारा माणूस, पहिली पाळी.' जो आधी अंगठा दाखवील तो आत. म्हणजे म्हणायला तसं. अंगठे दाखवल्यावर घ्यायचं कुणाला हे तो ठरवतोच.

गिरणीतला किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो. विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत. का, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा दुसरा कसा घेणार? पगार त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं रेटला. रेटता आला, कारण तो उघडा होता. मुकादम तोंडावर सांगत होता, तुला घेणार नाही आणि अमुक कारणानं घेणार नाही. कारण कितीही हरामखोर असलं तरी ते हवेत बोललेलं होतं. ते पकडून सभेत मांडता येत होतं, मागणीपत्रात लिहिता येत होतं. आज आमच्या बी.कॉम.वाल्यानं कुणाच्या विरुद्ध मागणीपत्र लिहायचं? 'अर्ज पाहिला' ह्या दोन शब्दांच्या विरुद्ध?

कायदा नाही असं नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या चौथ्या कलमात अस्पृश्यतेच्या कारणावरून धंद्याला, नोकरीला आडकाठी करणं हा गुन्हा आहे. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं असंच कलम आलं. पण गुन्हा सिद्ध करायला कुणीतरी काहीतरी केलेलं दिसावं लागतं. इथं कुणी काही करतच नाही. फोन करत नाही, एवढंच करतो. न केलेल्या फोनचा पंचनामा कुठला हवालदार लिहून घेईल?

सरकारी खिडकी होती, तिचं काय झालं तेही बघा. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज ह्या देशात १९४५ साली आली, दुसऱ्या महायुद्धातून सुटलेल्या सैनिकांना काम द्यायला. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडं होतं. पुढं १९५९ साली कायदा झाला की सरकारी आस्थापनांनी आणि पंचवीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या खाजगी मालकांनी रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवायच्या. कळवायच्या. तिथूनच माणूस घेतला पाहिजे असं बंधन त्याच कायद्यात नव्हतं. ही पळवाट ठेवली कुणी, कुणासाठी? आपले बाप-काके त्या कार्डाचं नूतनीकरण करत करत म्हातारे झाले. २०१५ साली केंद्रानं नॅशनल करिअर सर्व्हिस नावाची साइट काढली, राज्यानं महास्वयम काढली. कार्ड मोबाईलात आलं. कॉल मात्र पूर्वीइतकाच दुर्मिळ.

आपली पोरं खाजगी ॲपांकडं वळली ती हौसेनं वळली नाहीत. सरकारी जागा आटल्या, आणि ज्या आहेत त्या कंत्राटात जातायत. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं नऊ खाजगी एजन्सींकडून कंत्राटी भरती करायचा निर्णय काढला होता. पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबरात तो मागं घ्यावा लागला. तो लढा जिंकला, पण ऑफिसाऑफिसातला शिपाई, सफाईवाला, डेटा ऑपरेटर आधीच कंत्राटी झालेला आहे. तिथं बिंदुनामावली नाही, तिथं राखीव जागा नाही. संविधानाच्या फाटकातून आत येऊ दिलं म्हणून ज्यांच्या पोटात दुखत होतं त्यांनी फाटक तसंच ठेवलं आणि भिंतीला बाजूनं दुसरं दार पाडलं.

लुटारूंबद्दल थोडक्यात, कारण हे बहुतेकांना कळतं आणि तरी महिन्याला एकजण फसतो. रजिस्ट्रेशनचे पाचशे, युनिफॉर्मचे दीड हजार, लॅपटॉपचं डिपॉझिट, 'फाईल चार्ज'. जो काम द्यायच्या आधी पैसे मागतो त्याच्याकडं काम नाही. ओटीपी सांगायचा नाही, आधारचा फोटो वाटेल त्याला धाडायचा नाही. पैसे गेलेच तर १९३० नंबरला लगेच फोन करायचा. जितका उशीर तितके पैसे लांब जातात. आणि थायलंडमध्ये कॉम्प्युटरवर बसायचं काम, साठ हजार पगार, तिकीट फुकट, असं आलं तर दोनदा नाही, दहादा विचार करा. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारनं म्यानमार-थायलंडच्या हद्दीवरून हवाई दलाच्या विमानांनी ५४९ जणांना परत आणलं. नोकरी म्हणून गेलेली ही माणसं. त्यांना तिथं डांबून त्यांच्याकडून दुसऱ्यांना फसवायचं काम करून घेत होते. परदेशात भरती करणाऱ्याला १९८३ च्या कायद्यानं परवाना लागतो. आधी तो बघायचा.

आता जे बोलायला सगळे कचरतात ते. आपल्यातली काही पोरं साइटीवर आडनाव बदलतात. कुणी आडनाव उडवून वडलांचं नाव शेवटी लावतो, कुणी नुसतं 'कुमार' लिहितो, कुणी गावावरून 'कर' जोडतो. पत्त्यात भीमनगर काढून जवळच्या स्टेशनचं नाव घालतो. मागच्या बैठकीत ह्यावरून हातघाईवर आलं. एकजण म्हणाला, ही गद्दारी आहे. दुसरा म्हणाला, घरी तीन माणसं खाणारी असताना तुझं तत्त्वज्ञान तुझ्याजवळ ठेव. मी ह्यात दुसऱ्याच्या बाजूचा आहे. उपाशी पोरानं चाळणीतून निसटायला अंग चोरलं तर दोष चाळणीचा. पण ज्यांचं ह्यानं भागतं ते फार थोडे. आडनाव लपवून आत गेलेल्याला डब्याच्या सुट्टीत, गणपतीच्या वर्गणीत, चौदा एप्रिलच्या रजेच्या अर्जात पुन्हा तोच प्रश्न भेटतो, आणि तेव्हा तो एकटा असतो. शिवाय पगाराची कागदं निघाली, आधार जोडलं, की नाव उघडं पडतंच. मग 'तुम्ही माहिती खोटी दिली' म्हणून काढायला मालकाला आयतं निमित्त.

म्हणून आमचं म्हणणं असं की नाव आपण का लपवायचं? साइटीनं लपवावं. मालकाला शिक्षण दाखवा, कसब दाखवा, किती अंतरावर राहतो ते दाखवा. नाव, फोटो, वस्तीचं नाव हे मुलाखतीला बोलावल्यावरच कळू दे. ह्यात तांत्रिक अडचण शून्य आहे. पैसे भरल्याशिवाय मालकाला आपला फोन नंबर दिसू द्यायचा नाही, ही कला कित्येक साइटींना चांगली येते. ह्यानं जात मरणार नाही, मुलाखतीच्या खुर्चीवर बसून ती पुन्हा डोळे वटारणारच. पण तिथं निदान समोरासमोर असेल.

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. थोरातांना ६६ आठवडे टपालाची तिकिटं चिकटवत बसावं लागलं, कारण पेपराच्या जमान्यात कुणाचा अर्ज कुठल्या टोपलीत गेला ह्याची नोंद कुठंच नव्हती. आज आहे. कुठल्या मालकानं कुठलं नाव उघडलं, कुठलं न उघडता सोडलं, कुणाला फोन लावला, हे सगळं साइटीच्या यंत्रात मिनिटामिनिटाला लिहिलं जातं. आडनावानुसार त्याची बेरीज करायला एक दुपार पुरेल. ती बेरीज त्यांनी लोकांपुढं मांडावी. सरकारनं मांडायला लावावी. तिथं भेदभाव नसेल तर भीती कसली?

ते मागितल्याबरोबर देतील एवढे आपण दूधखुळे नाही. म्हणून तोवर आपली वही. आमच्या दोघांनी अर्ज किती केले ह्याची गणती नाही. नाक्यावर शंभर माणसं उभी असायची, कुणाला उचललं नि कुणाला ठेवलं हे शंभरजणांना दिसायचं, संध्याकाळी त्यावर बोलणं व्हायचं. मोबाईलनं नाका मोडला आणि प्रत्येकाला आपापल्या गोधडीत घातलं. ज्याला फोन येत नाही त्याला वाटतं, मीच नालायक. शेजारच्या खोलीतलाही तेच समजून पडलेला असतो. दोघांमध्ये एक पत्र्याची भिंत.

पुढच्या महिन्यापासून वाचनालयात एक मोठी वही ठेवतोय. प्रत्येक अर्जाला एक ओळ. तारीख, साइट, जागा, मागितलेलं शिक्षण, आपलं शिक्षण, साइटीवर लिहिलेलं आडनाव, मालकानं उघडून बघितलं की नाही, फोन आला की नाही, आला तर कुठल्या कामाचा, फोनवर गाव-जात विचारली का, पैसे मागितले का. फोन नंबर आणि पत्ते लिहायचे नाहीत, ती वही कुणाच्याही हातात पडू शकते. पोरींसाठी वेगळी वही आहे, ती त्यांच्यातलीच एकजण सांभाळेल, आणि मुलाखतीला अनोळखी पत्त्यावर जायचं असेल तर बरोबर कोण येणार हेही त्यातच लिहायचं. बारावीचे, पदवीवाले, आयटीआयवाले, अजून पदवी हातात न आलेले, सगळ्यांनी लिहायचं. ज्यांचं काम लागलं त्यांनी तर जरूर लिहायचं, कसं लागलं ते. शेजारच्या चाळींतली मराठा, आगरी, भय्या, मुसलमान पोरंसुद्धा लिहायला तयार असतील तर त्यांना घेऊन या. त्यांचीही पोटं आहेत, आणि त्यांच्याशिवाय आपल्या ओळींची तुलना कशाशी करायची? सहा महिन्यांच्या ओळी जमल्या की जसं निघेल तसं छापू. आपल्या संशयाविरुद्ध निघालं तरी छापू.

रविवारी संध्याकाळी सातनंतर या. मी पाळीवरून सुटून आंघोळ करून येतो. वही, टेबल आणि दिवा वाचनालयाचा. पेन आपापलं आणा.

जयभीम.